सायकलस्वाराच्या मृत्यूची बातमी पुढे पाठवावी का?

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर टॅक्सीची धडक बसून अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. इंटेल कंपनीच्या ३८६, ४८६ आणि पेंटियम या प्रोसेसरांच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, असे हे ६८ वर्षांचे अभियंते त्या दिवशी साथीदारांबरोबर सायकल चालवत होते. बातमी देशभर छापून आली, आणि अशा प्रत्येक बातमीनंतर सायकल चालवणाऱ्यांमध्ये जो वाद उभा राहतो तो पुन्हा उभा राहिला. काहींचे म्हणणे असते की या बातम्या एकमेकांना पाठवणे थांबवावे, कारण त्या वाचून घरचे लोक सायकल बंद करायला लावतात, नवीन माणूस सायकलवर बसायला धजत नाही आणि मृताच्या नातेवाइकांच्या दुःखात भर पडते ती वेगळीच. उलट बाजूचे लोक विचारतात की माहिती दडवून ठेवल्याने कोणाचे भले झाले आहे. बातमी फिरली तर निदान माणूस सावध होईल आणि प्रशासनावर थोडाफार दबाव येईल.

हा वाद सुटत नाही याचे कारण असे की त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. अशी बातमी वाचून धोक्याचा अंदाज बरोबर येतो का, हा पहिला. तिच्यामुळे आपले वागणे सुरक्षित होते का, हा दुसरा. आणि तिच्यामुळे रस्ता बदलतो का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत. माझे स्वतःचे मत असे आहे की बातमी जरूर पाठवावी. मात्र आज आपण तिच्यातला सर्वांत निरुपयोगी भाग पाठवतो, आणि ज्या मृत्यूंची बातमी सर्वांत जास्त पोहोचायला हवी ते मृत्यू आपल्यापर्यंत येतच नाहीत. असे का, ते क्रमाने पाहू.

रोज १३ मृत्यू, त्यांतले आपल्यापर्यंत किती?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ४,८३६ जण सायकलवर होते. भागाकार केला तर दिवसाला सरासरी १३ सायकलस्वारांचा मृत्यू होतो. आता आपल्या फोनवर महिन्याभरात अशा किती बातम्या येतात, ते आठवून पाहावे. महिन्याला जवळपास ४०० मृत्यू होत असताना आपल्यापर्यंत एखाददुसरा पोहोचतो. बाकीचे कुठे जातात?

ते जिल्हा पुरवणीच्या आतल्या पानावर तीन ओळींत संपतात. भारतात सायकल हे मुख्यतः कामावर जाण्याचे साधन आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि ती बहुतांश साधी, काळी, मागे मजबूत कॅरिअर असलेली सायकल होती. तिच्यावरून रात्रपाळीचा वॉचमन घरी परततो, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार पहिल्या पाळीला जातो, शाळकरी मुलगी राज्यमार्गाच्या कडेने गावाहून तालुक्याला जाते. पहाटे हायवेच्या साइडपट्टीवरून दुधाचे कॅन लटकावून जाणारा माणूस जवळून पाहिला तर लक्षात येते की त्याच्या मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला किंवा फुटून गेलेला असतो, दोन्ही बाजूंच्या कॅनमुळे सायकलची रुंदी दुप्पट झालेली असते, आणि साइडपट्टीवर खडी साचलेली असल्यामुळे त्याला दर शंभर पावलांवर पांढरी रेघ ओलांडून डांबरावर यावे लागते. तो हेल्मेट घालत नाही, कोणत्याही सायकल क्लबाचा सभासद नाही, आणि तो गेला तर त्याचा फोटो आपल्याकडे येत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेली असतात. आपल्याकडे येणाऱ्या बातम्यांचे तसे नाही. त्या वेचून आलेल्या असतात: शहराजवळच्या, ओळखीतल्या, महागड्या सायकलवरच्या, किंवा ज्यांचा सीसीटीव्ही व्हिडिओ सापडला अशा. त्यांच्यावरून सायकल चालवणे एकंदर किती धोक्याचे आहे, हे ठरवता येत नाही.

शिवाय मृत्यूंचा आकडा हा फक्त अंश आहे. धोका किती हे सांगण्यासाठी छेदही लागतो, म्हणजे लोकांनी एकूण किती किलोमीटर सायकल चालवली याचा हिशेब. एखाद्या शहरात सायकलस्वारांचे मृत्यू निम्म्यावर आले तर रस्ते सुधारले असतील, किंवा भीतीपोटी निम्म्या लोकांनी सायकल सोडली असेल. छेद माहीत नसताना या दोन्ही गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात.

बातमी वाचल्यावर मनात काय घडते

एखादी गोष्ट जितक्या सहज आठवते तितकी ती वारंवार घडत असावी, असे आपले मन धरून चालते. ॲमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मनाची ही सवय मांडली. तिला आपण येथे ‘सहज आठवणीचा कौल’ म्हणू. ज्या रस्त्याने आपण दर रविवारी जातो त्याच रस्त्यावरचा, आपल्यासारखीच जर्सी घातलेल्या माणसाचा मृत्यू लगेच आठवतो. त्याच रस्त्याने वर्षानुवर्षे सुखरूप झालेल्या हजारो फेऱ्या आठवत नाहीत, कारण त्यांची बातमी होत नसते.

या सवयीचे परिणाम केवळ मनापुरते राहत नाहीत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेक अमेरिकन नागरिकांनी विमान टाळून मोटारीने लांबचा प्रवास सुरू केला. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार त्यामुळे पुढच्या १२ महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १,५०० जादा मृत्यू झाले. ज्या धोक्याला लोक घाबरले तो टाळताना ते अधिक मोठ्या धोक्यात शिरले, आणि त्या मृत्यूंची बातमी विखरून, एकेक करून आल्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाही.

आपल्याकडे असेच काही होऊ शकते. बातमी वाचून घाबरलेला मुलगा कॉलेजला जाणे सोडत नाही, तो सायकल सोडून मोटारसायकल घेतो. २०२२ च्या त्याच अहवालात दुचाकीवरच्या मृतांची संख्या ७४,८९७ आहे, म्हणजे एकूण मृत्यूंच्या ४४ टक्क्यांहून अधिक. दुचाकी चालवणारे आणि त्यांचे किलोमीटरही कितीतरी जास्त असल्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही, छेदाचा प्रश्न येथेही आहेच. पण सायकल सोडली म्हणजे रस्त्यावरचा धोका सुटला, हा समज या आकड्यापुढे टिकत नाही.

मग भीती खोटी आहे का?

नाही, आणि सायकलप्रेमींनी हे मान्य करायला संकोचू नये. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० साली एक हिशेब मांडला होता. मोटारीऐवजी रोज थोडे अंतर सायकलने गेल्यास व्यायामामुळे माणसाचे आयुष्य सरासरी ३ ते १४ महिन्यांनी वाढते आणि अपघाताच्या धोक्यामुळे सरासरी ५ ते ९ दिवसांनी घटते, असा तो हिशेब होता. आपल्याकडे हा हिशेब सायकलच्या बाजूने हमखास सांगितला जातो. पण तो डच रस्त्यांचा आहे, जिथे सायकलसाठी सलग वेगळी मार्गिका असते आणि चौकात सायकलचा सिग्नल वेगळा असतो. आपल्या रस्त्यावर सायकलस्वार, कंटेनर, एसटी आणि राँग साइडने येणारा ट्रॅक्टर हे सगळे एकाच डांबरावर असतात. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव असल्यामुळे मुंबई-पुणे सायकल चालवणाऱ्याला जुना हायवेच धरावा लागतो, आणि तिथे त्याच्यासाठी राखून ठेवलेले फूटभरही अंतर नाही. व्यायामाचा फायदा येथेही तेवढाच होतो. अपघाताच्या बाजूचा आकडा मात्र डच आकड्याएवढा असेल असे मानायला काही आधार नाही.

दुसरी एक बाब मात्र बातम्या थांबवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने जाते. पीटर जेकबसन या संशोधकाने २००३ साली अनेक शहरांच्या आणि देशांच्या आकडेवारीवरून दाखवले की जिथे पायी किंवा सायकलने जाणारे लोक जास्त, तिथे प्रत्येकाच्या वाट्याचा धोका कमी असतो. सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर जखमींची संख्या दुप्पट होत नाही, ती साधारण एक तृतीयांशाने वाढते. वाहनचालकाला सायकल दिसण्याची सवय लागते, हे त्यामागचे एक कारण असावे. रस्ते चांगले असतात म्हणून लोक जास्त येतात, हेही तितकेच शक्य आहे. काहीही असले तरी, भीतीने दहा जणांनी सायकल सोडली तर उरलेल्यांचा रस्ता अधिक एकाकी होतो, हा मुद्दा उरतोच. म्हणून बातमी कशी सांगायची, याला महत्त्व येते.

बातमीने रस्ता बदलल्याची दोन उदाहरणे

नेदरलँड्स पूर्वीपासूनच सायकलस्वारांसाठी सुरक्षित होते, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९७१ साली त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मरण पावली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी त्या काळात शाळेच्या वाटेवर अशाच अपघातात गेली. १९७२ साली त्याने ‘दे टाइड’ या वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखाचे शीर्षक होते ‘बालहत्या थांबवा’. आपल्या मुलीचे दुःख सांगून तो थांबला नाही. देशात वर्षाला इतकी मुले मरतात, रस्त्यांवर इतका पैसा खर्च होतो, आणि त्यातला मुलांच्या सुरक्षिततेवर किती होतो, असा सवाल त्याने केला. त्या शीर्षकाच्याच नावाने पालकांची चळवळ उभी राहिली, लोकांनी रस्ते अडवून मुलांना खेळायला सोडले, १९७३ च्या तेलसंकटाने मोटारींबद्दलचा विचार आणखी बदलला, आणि पुढच्या काही दशकांत धोरण व रस्त्यांची रचना दोन्ही पालटली. २०२२ साली तिथे रस्त्यांवर ७४५ मृत्यू झाले. त्यांतले २९१ सायकलस्वार होते, म्हणजे तिथेही काम संपलेले नाही.

दुसरे उदाहरण लंडनचे. तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने मृत्यूंच्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा दिसले की २०१५ ते २०१७ या काळात शहरातल्या एकूण वाहन-अंतरापैकी फक्त ४ टक्के अंतर अवजड मालवाहू गाड्यांनी कापले होते, पण सायकलस्वारांच्या ६३ टक्के प्राणघातक टकरींत त्याच होत्या. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाला गाडीच्या अगदी पुढे आणि बाजूला असलेला सायकलस्वार दिसतच नाही. त्या न दिसणाऱ्या जागेला ब्लाइंड स्पॉट म्हणतात. मग नियम असा आला की केबिनमधून थेट किती दिसते यावरून १२ टनांवरील प्रत्येक मालवाहू गाडीला शून्य ते पाच तारे द्यायचे आणि परवान्याशिवाय तिला शहरात येऊ द्यायचे नाही. १ मार्च २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

या दोन्ही ठिकाणी बातमी आधीही येतच होती. फरक पडला तो सुटे मृत्यू एकत्र मोजले गेले तेव्हा, आणि प्रत्येक मृत्यूबरोबर वाहन कोणते, रस्ता कसा, माणूस कोण हे लिहिले गेले तेव्हा.

एकच अपघात, दोन बातम्या

बातमीच्या मांडणीचा वाचकावर काय परिणाम होतो, याचा एक प्रयोग अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. सुमारे एक हजार लोकांना पादचाऱ्याच्या मृत्यूची एकच घटना तीनपैकी एका पद्धतीने लिहून वाचायला दिली. पहिल्या मजकुरात भर पादचाऱ्यावर होता, दुसऱ्यात चालकावर, आणि तिसऱ्यात या घटनेबरोबरच अशा मृत्यूंची एकंदर संख्या व रस्त्याची स्थितीही दिली होती. पहिला मजकूर वाचणाऱ्यांनी मृताला जास्त दोष दिला. दुसरा वाचणाऱ्यांनी तो कमी दिला. तिसरा वाचणाऱ्यांचे लक्ष रस्त्याकडे गेले आणि रस्ता सुधारण्याच्या उपायांना त्यांनी अधिक पाठिंबा दिला. घटना तीच होती.

आता आपल्याकडे फिरणारा नेहमीचा संदेश पाहा. वाकडी झालेली सायकल, रस्त्यावर पडलेले बूट, कधी कधी चादरीखालचा देह, आणि खाली ‘मित्रांनो, काळजी घ्या’. काळजी म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. तोच अपघात असाही सांगता येतो: ‘अमुक फाट्याजवळ पहाटे साडेपाचला, उजेड होण्यापूर्वी, मागून आलेल्या टेम्पोने धडक दिली. या ठिकाणी सर्व्हिस रोड अचानक संपतो आणि सायकलला मुख्य रस्त्यावर यावे लागते. पथदिवे बंद आहेत. गुन्हा अमुक पोलीस ठाण्यात नोंदला आहे.’ हा संदेश वाचून एखादा जण उजाडल्यावर निघायचे ठरवील, दुसरा टेललाइटची बॅटरी बदलेल, तिसरा त्या फाट्याला वळसा घालणारी वाट शोधील, आणि चौथा बंद पथदिव्यांची तक्रार करील. फोटोमधून यांपैकी एकही कृती सुचत नाही.

म्हणून पाठवणाऱ्याने ठिकाण, वेळ, उजेड, वाहनाचा प्रकार, धडकेची दिशा आणि रस्त्याची स्थिती एवढे तरी शोधावे. ते मिळत नसेल तर दोन दिवस थांबावे. पहिल्या तासात येणारी माहिती पुष्कळदा चुकीची असते, आणि चुकीची माहिती दुरुस्त करणारा संदेश मूळ संदेशाइतका कधीच फिरत नाही.

‘पण हेल्मेट घातले नव्हते ना?’

बातमीखाली ही पृच्छा हमखास येते. हेल्मेट उपयोगी आहे आणि ते घालावे, यात वाद नाही. पण ते कशासाठी बनवलेले असते हेही माहीत असावे. सायकलच्या हेल्मेटची युरोपीय मानकानुसार जी चाचणी होते तिच्यात ते साधारण ताशी २० किलोमीटर वेगाने कठीण पृष्ठभागावर आपटवतात. घसरून पडणे, खड्ड्यात चाक अडकून उलटणे, अशा प्रसंगी ते डोके वाचवू शकते. ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून आलेल्या गाडीची धडक ही त्या चाचणीच्या पलीकडची गोष्ट आहे. अशा ठिकाणी वेग कमी करणे हाच परिणामकारक उपाय असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते.

मृताची चूक शोधण्यामागे एक मानवी गरज आहे, हे मला समजते. त्याने काही तरी चुकीचे केले असेल तर ते न करणारा मी सुरक्षित आहे, असा दिलासा मिळतो. हा दिलासा आपल्याला मिळतो आणि त्याची किंमत मृताच्या घरचे लोक मोजतात, कारण ते संदेश त्यांच्यापर्यंतही पोहोचतात.

‘कुटुंबाच्या दुःखाचा बाजार होतो’

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो बव्हंशी खरा आहे. अपघात होऊन तास उलटलेला नसताना फोटो फिरू लागतो, आणि आई-वडिलांना पोलिसांच्या आधी एखाद्या लांबच्या ओळखीच्या माणसाकडून मुलाची बातमी कळते. याला एकच उत्तर आहे: देहाचा फोटो आणि धडकेचा व्हिडिओ कोणत्याही कारणासाठी पुढे पाठवू नये, आणि घरच्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत नावही लिहू नये. व्हिडिओ पुरावा म्हणून महत्त्वाचा असतो हे खरे, पण पुराव्याची जागा तपास अधिकाऱ्याकडे आहे.

नाव आणि चेहरा वगळूनही अपघात सांगता येतो. नावासह सांगायचे की नाही, हे कुटुंबाने ठरवावे. लांगेनहोफने आपल्या मुलीबद्दल लिहिले तो निर्णय बापाचा होता.

‘रस्ता आपल्या हातात थोडाच आहे?’

थोडा आहे, आणि तो कसा हे समजण्यासाठी सरकारी पद्धत माहीत हवी. राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा तीन वर्षांत १० मृत्यू झाले, तर तो पट्टा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो आणि त्याच्या दुरुस्तीचा विचार सुरू होतो. याचा सरळ अर्थ असा की यंत्रणा हलायला आधी माणसे मरावी किंवा जबर जखमी व्हावी लागतात. जो सायकलस्वार ट्रकने कट मारल्यामुळे साइडपट्टीवरून खाली घसरला, गुडघा खरचटला आणि उठून घरी गेला, त्याची नोंद कुठेही होत नाही. त्याच ठिकाणी असे वीस जण घसरले असतील तरी कागदावर ती जागा निर्धोकच राहते.

विमान वाहतुकीने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था एक व्यवस्था चालवते, जिच्यात वैमानिक आणि हवाई नियंत्रक थोडक्यात टळलेल्या अपघातांची माहिती स्वतःहून कळवतात, आणि सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहते. विमान कोसळण्याची वाट न पाहता शिकण्याची ही सोय आहे. सायकलस्वारांना असे काही करायला कोणाची परवानगी लागत नाही. एका तालुक्यातल्या किंवा शहरातल्या सायकलस्वारांनी थोडक्यात टळलेले प्रसंग ठिकाण, वेळ आणि वाहनाच्या प्रकारासह एका नकाशावर नोंदवायला सुरुवात केली, तर सहा महिन्यांत कोणत्या चार-पाच जागा पुन्हा पुन्हा येतात हे स्पष्ट होईल. मृत्यूच्या बातमीपेक्षा या नोंदी अधिक उपयोगी आहेत असे मी म्हणेन, कारण त्या संख्येने जास्त असतात, सांगणारा माणूस हयात असतो आणि नेमके काय झाले हे तो सांगू शकतो.

अशी यादी हातात असली की तक्रारीला वजन येते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांतली ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम मोठी नाही. पण जागा धोक्याची असल्याचे तारखेसह लेखी कळवलेले असेल, तर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे नंतर म्हणता येत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण आणि महापालिका यांपैकी रस्ता कोणाचा आहे हे आधी शोधावे लागते, आणि बहुतेक तक्रारी या पहिल्याच पायरीवर अडकतात.

‘अज्ञात वाहनाच्या धडकेत’

आता त्या तीन ओळींच्या बातमीकडे येऊ. तिच्यात धडक देणारे वाहन फार वेळा ‘अज्ञात’ असते. २०२२ साली धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांमुळे देशात ३० हजारांहून अधिक माणसे मरण पावली, म्हणजे रस्त्यावरच्या दर सहा मृत्यूंपैकी जवळपास एक. वाहन सापडले तर त्याच्या विम्यातून मृताच्या कुटुंबाला भरपाई मिळू शकते. वाहन सापडले नाही तर सगळे संपले, असे पुष्कळ कुटुंबे धरून चालतात.

ते तसे नाही. वाहन सापडले नाही तर केंद्र सरकारच्या योजनेतून मृताच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी मृत्यूसाठीची ही रक्कम अवघी २५ हजार होती. अर्ज उपविभाग किंवा तालुका पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो, आणि त्याला एफआयआरची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, मृताचे व अर्जदाराचे ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत जोडावी लागते. वकिलाची गरज नसते. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याबद्दलही असाच गैरसमज आहे. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने त्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि मदत केल्याबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

सायकलस्वारांच्या संघटना शहरोशहरी आहेत, त्यांच्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या रविवारच्या वाटा त्याच राज्यमार्गांवरून जातात जिथे दूधवाले आणि कामगार रोज सायकल चालवतात. स्थानिक वृत्तपत्रातली ती तीन ओळींची बातमी जेव्हा दिसेल तेव्हा ती पुढे पाठवावी, तिच्याखाली अपघाताची जागा नेमकी लिहावी, या योजनेची माहिती चार ओळींत द्यावी, आणि त्या गावाच्या ओळखीचा कोणी असल्यास त्याने ती मृताच्या घरापर्यंत पोहोचवावी. पंधरा दिवसांनी पोलीस ठाण्यात एकदा विचारावे की वाहनाचा शोध कुठवर आला, आणि जे उत्तर मिळेल तेही त्याच बातमीखाली लिहावे.